नवी बोट, पहिला प्रवास : कॅटमरान भाड्याने देण्याआधी काय काय करावं लागतं?



मागच्या वर्षी आमच्या शाळेची सहल मुंबईला गेली होती. परत येताना आम्ही गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्यापर्यंत कॅटमरानने आलो. मांडव्याच्या धक्क्यावर उतरल्यावर चौथीतली एक मुलगी बोटीकडे बघत थांबली आणि म्हणाली, "बाई, हिला खाली दोन पोटं आहेत. एवढी रुंद बोट कारखान्यातून आणतात कशी? ट्रकवर मावते का?"

कोळीवाड्यातला एक मुलगा लगेच म्हणाला, "बोट काय ट्रकवरून आणायची असते? पाण्यातनंच आणतात."

त्यावर तिसऱ्याने विचारलं, "पण पाण्यातनं एवढी लांब आणली, तर ती येईपर्यंत जुनी नाही का होणार?"

हा तिसरा प्रश्न मला फार आवडला. त्याचं उत्तर शोधता शोधता माझ्याकडे एक अख्खा पाठ तयार झाला. त्यात भूगोल आहे, गणित आहे, विज्ञान आहे आणि आपल्या शिक्षकांसाठी एक धडाही आहे. तोच आज तुमच्यासमोर मांडते.

आधी शब्द समजून घेऊ

'कॅटमरान' हा शब्द ऐकायला इंग्रजी वाटतो, पण तो मूळचा तमिळ आहे. तमिळमध्ये 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड किंवा झाड. कट्टुमरम् म्हणजे लाकडाचे ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा. तमिळ किनाऱ्यावरचे मच्छीमार त्यावरून समुद्रात जात. युरोपीय लोकांनी तो शब्द तिथे ऐकला आणि आपल्या भाषेत नेला. दोन लांबट होड्या शेजारी शेजारी जोडून दूरचा समुद्र ओलांडण्याची पद्धत मात्र पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या लोकांची. पुढे तशा जोडबोटीलाच कॅटमरान म्हणू लागले.

आपल्या मराठीतही यासाठी एक जुना शब्द आहे : सांगड. दोन होड्या एकमेकींना बांधून केलेलं तरंगतं साधन म्हणजे सांगड. नदी पार करायला दोन भोपळे बांधत, तीही सांगडच. 'दोन गोष्टींची सांगड घालणे' असं आपण रोज म्हणतो. मुलांना हे सांगितलं की कॅटमरान एकदम ओळखीची वाटू लागते.

दुसरा शब्द 'चार्टर'. सोप्या भाषेत, बोट ठरावीक दिवसांसाठी भाड्याने देणं. जसं आपण लग्नाला गाडी करतो, तसं. फरक एवढाच की अनेक ठिकाणी ग्राहक बोट स्वतः चालवतो. ज्याला शीड आणि सुकाणू सांभाळता येतं, असा माणूस आपल्या बायकामुलांना घेऊन आठवडाभर बोटीवरच राहतो. बोटीचा मालक बऱ्याचदा तिसराच असतो. तो नवी बोट विकत घेतो आणि काही वर्षांसाठी चार्टर कंपनीकडे चालवायला देतो.

मांडव्याची कॅटमरान इंजिनावर चालते. आपण आज ज्या बोटीबद्दल बोलणार आहोत तिला दोन इंजिनं असतातच, पण तिचा खरा भरवसा शिडावर असतो.

कुठून कुठे?

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एक खरी वाट घेऊ. दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन हे शिडाच्या कॅटमरान बांधण्याचं जगातलं एक मोठं केंद्र आहे. आणि अशा बोटी भाड्याने देण्याचं एक मोठं ठिकाण म्हणजे कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश व्हर्जिन बेटं. तिथे बेटं जवळजवळ आहेत आणि वर्षाचा बराच काळ वारा चांगला वाहतो, म्हणून पर्यटक तिथे जातात. टोर्टोला हे त्यातलं मुख्य बेट.

केप टाऊनला बांधलेल्या कितीतरी बोटी टोर्टोलापर्यंत समुद्रातून चालवतच नेतात. नकाशावर तीन टप्पे पाहा :

१. केप टाऊन ते सेंट हेलेना बेट : साधारण १,७०० सागरी मैल
२. सेंट हेलेना ते ब्राझीलचं फर्नांडो दि नोरोन्या बेट : साधारण १,७५० सागरी मैल
३. तिथून टोर्टोला : साधारण २,३५० सागरी मैल

एकूण झाले ५,८०० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे सुमारे १०,७४० किलोमीटर! नव्या बोटीचा हा पहिला प्रवास. तिच्यावर अजून एकही पाहुणा बसलेला नसतो.

नवी बोट म्हणजे तयार बोट नव्हे

इथे माझी एक चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पाण्याची नवी टाकी आणि सहा नळ बसवले. कागद पुढे आला, 'सुस्थितीत मिळाली' असं लिहून मी सही केली. टाकी नवी कोरी, चकचकीत. तपासायचं काय? दुसऱ्या दिवशी १५ ऑगस्ट. झेंडावंदन झालं, मुलं पाणी प्यायला धावली आणि सहापैकी चार नळांतून पाणीच येईना. टाकीला भोकं पाडताना प्लास्टिकचा जो कीस निघाला, तो कोणी काढलाच नव्हता. तो पाण्याबरोबर खाली आला आणि नळात अडकला. उन्हात उभी राहिलेली मुलं तहानलेली आणि माझी सही कागदावर.

बोटीबद्दल वाचताना मला अगदी हीच गोष्ट सापडली. नव्या बोटीच्या टाक्यांत आणि तळात बांधकामाचा कीस, फायबरची धूळ, स्क्रूचे तुकडे राहू शकतात. बंदरात बोट स्थिर असते तेव्हा हा कचरा तळाशी निवांत पडून राहतो. भर समुद्रात बोट हेलकावे खाऊ लागली की तो ढवळून वर येतो, डिझेलच्या गाळणीत अडकतो आणि इंजिन बंद पडतं. किंवा तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या तोंडाशी जाऊन बसतो. शाळेत नळ बंद पडला तर शेजारच्या विहिरीवर जाता येतं. समुद्रात शेजार नसतो.

म्हणून बोट ताब्यात घेतल्यावर पहिलं काम असतं तपासणीचं.

तपासणीत काय काय पाहतात?

तळ : बोटीच्या तळाला काही भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घ्यावं लागतं, मोरीचं पाणी बाहेर सोडावं लागतं. अशा प्रत्येक भोकावर एक झडप असते. ती झडप हाताने सहज बंद होते का, ते एकेक करून पाहतात. शिवाय प्रत्येक झडपेशेजारी त्याच मापाचा लाकडी गट्टू दोरीने बांधून ठेवतात. झडप तुटलीच तर गट्टू ठोकून भोक बंद करायचं. साधा लाकडाचा तुकडा, पण तो शोधायला जावं लागता कामा नये. तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून खास रंगही लावतात, कारण तळ खरबरीत झाला की बोटीचा वेग घटतो.

डोलकाठी आणि शीड : डोलकाठी जाड तारांनी ताणून उभी केलेली असते. तार नवी असली की सुरुवातीला थोडी ताणली जाते आणि सैल पडते. नव्या दोरीवर ओले कपडे वाळत घातले की दोरी कशी खाली येते, तसंच. म्हणून पहिल्या काही दिवसांच्या प्रवासानंतर तारा पुन्हा तपासून ताणाव्या लागतात. तारांच्या जोडांतली छोटी पिन नीट वाकवलेली आहे की नाही, हेही बघतात. बोटभर पिन निसटली तर अख्खी डोलकाठी खाली येऊ शकते.

इंजिन : दोन्ही इंजिनं तासन् तास चालवून पाहतात. नव्या इंजिनाचं पहिलं तेल लवकर बदलावं लागतं, बहुतेक वेळा पहिल्या ५० तासांच्या आसपास. ज्यांनी नवी मोटारसायकल घेतली आहे त्यांना पहिल्या सर्व्हिसिंगचं महत्त्व सांगायला नको. सोबत जास्तीच्या गाळण्या, पट्टे, तेल आणि पाण्याच्या पंपाची रबरी चक्री घेतात.

वीज आणि यंत्रं : बॅटऱ्या, सौर पॅनल, रात्रीचे दिवे, होकायंत्र, खोली मोजणारं यंत्र, रेडिओ आणि आपोआप सुकाणू धरणारं यंत्र. प्रत्येक यंत्र चालू होतं एवढं पुरत नाही, ते खरं दाखवतं का हे पाहावं लागतं.

जिवाची साधनं : फुगवता येणारी जीवनरक्षक होडी, प्रत्येकाच्या मापाचं जीवरक्षक जाकीट, कमरेचा पट्टा आणि बोटीला अडकवायची दोरी, धोक्याची दारू म्हणजे लाल उजेडाचे बाण, अग्निशामक, औषधपेटी. शिवाय एक छोटा संकट-संदेशक. तो सुरू केला की उपग्रहामार्फत बचाव पथकाला बोटीचं ठिकाण कळतं. पण त्याची नोंदणी त्या बोटीच्या नावावर आधी केलेली पाहिजे. नाहीतर संकेत येईल, पण कोणाची बोट, किती माणसं, हे शोधण्यात वेळ जाईल.

हे सगळं झालं की चाचणी फेरी. बंदराबाहेर जायचं, शिडं चढवायची, उतरवायची, इंजिन पूर्ण वेगाने चालवायचं आणि काय बिघडतं ते लिहून परत यायचं. दुरुस्ती करायची आणि पुन्हा जायचं.

हा पाठ घेताना मी वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांना बोलावलं होतं. ते अनेक वर्षं तांडेल होते. मी त्यांना चाचणी फेरीबद्दल सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, आम्ही पण तेच करतो. नवी होडी पहिल्या फेरीला लांब न्यायची नाही. जवळ जायचं, परत यायचं, कुठनं पाणी येतं बघायचं." मग त्यांनी मुलांना सांगितलं की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढून तळ कसा घासतात, रंग कसा देतात, जाळी कशी विणतात. नारळी पौर्णिमेला नारळ वाहायच्या आधी महिना-दीड महिना काम झालेलं असतं, हे आमच्या कित्येक मुलांना नव्याने कळलं.

पाहुण्यांसाठीची तयारी

आता तिसऱ्या मुलाचा प्रश्न. एवढी लांब चालवली तर बोट जुनी होणार नाही का?

होते ना! मीठ, ऊन, घर्षण यांचा परिणाम होतोच. म्हणूनच चार्टरसाठीची बोट समुद्रात नेताना तिला जपून नेतात. आतल्या गाद्यांवर आवरण चढवतात, लादीवर पुठ्ठा किंवा प्लास्टिक अंथरतात, पाहुण्यांसाठीचं चादरी-ताटल्या असं नवं सामान बांधून ठेवतात किंवा तिकडे पोचल्यावरच भरतात. नेणारे खलाशी मोजक्या जागेत राहतात. आपल्याकडे नवीन सोफ्याचं प्लास्टिक वर्षभर काढत नाहीत, ते आठवलं ना? इथे मात्र त्याला कारण आहे.

सगळ्यात जास्त त्रास शिडाला आणि दोऱ्यांना होतो. दोरी एकाच जागी दिवसरात्र घासली तर झिजून तुटते. म्हणून खलाशी दोरीची जागा रोज थोडी सरकवतात आणि घासणाऱ्या ठिकाणी कापड गुंडाळतात.

याशिवाय कागदपत्रं असतात : बोटीची नोंदणी, विमा, भाड्याने देण्याचा परवाना आणि सामानाची यादी. चमच्यापासून नांगरापर्यंत प्रत्येक वस्तू यादीत असते.

वाऱ्याची वाट

पाठ्यपुस्तकातले ग्रहीय वारे मुलांना पाठ करायला कंटाळा येतो. हा प्रवास नकाशावर काढला की वारे जिवंत होतात.

केप टाऊन साधारण ३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. सुरुवातीचे दिवस थंड असतात, कारण तिथून बेंग्वेला हा थंड प्रवाह उत्तरेकडे वाहतो. थोडं वर गेलं की आग्नेय व्यापारी वारे मिळतात. वारा पाठीमागून, त्यामुळे बोट वायव्येकडे चालत राहते. १६ अंश दक्षिणेला सेंट हेलेना लागतं. याच बेटावर नेपोलियनला कैदेत ठेवलं होतं आणि ५ मे १८२१ रोजी तो तिथेच वारला. हिंदुस्थानातून इंग्लंडला परतणारी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजंही पाणी आणि भाजी घ्यायला इथेच थांबत. आपल्याकडचा माल याच वाटेने गेला, असं म्हटलं की मुलांचा चेहरा बदलतो.

पुढे विषुववृत्ताजवळ शांत पट्टा येतो. वारा पडतो, मध्येच जोराची सर येते, पुन्हा सगळं शांत. इथे इंजिन लागतं. तो पट्टा ओलांडला की ईशान्य व्यापारी वारे मिळतात आणि बोट १८ अंश उत्तरेला असलेल्या टोर्टोलाकडे जाते.

वेळही पाहावी लागते. अटलांटिकमध्ये हरिकेन वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर मानतात. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा नावाचं हरिकेन याच ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर आदळलं आणि तिथल्या चार्टर बोटींचा मोठा नाश झाला. बंदरात बांधलेल्या बोटी एकमेकींवर चढल्या होत्या.

गणिताचा तास

बोटीचा सरासरी वेग ताशी ६ सागरी मैल धरू.

दिवसाचं अंतर : ६ × २४ = १४४ मैल
लागणारे दिवस : ५,८०० ÷ १४४ = सुमारे ४० दिवस

आता डिझेल. समजा टाक्यांत ७०० लिटर डिझेल आहे. एकच इंजिन सावकाश चालवलं तर तासाला ३ लिटर लागतं आणि वेग ताशी ५ मैल मिळतो, असं धरू.

इंजिन चालेल : ७०० ÷ ३ = सुमारे २३३ तास
कापलेलं अंतर : २३३ × ५ = १,१६५ मैल

५,८०० पैकी १,१६५! म्हणजे पाचवा हिस्सा. उरलेले चार हिस्से वाऱ्यानेच जायचं. माझ्या वर्गात हे उत्तर आल्यावर एक मुलगा म्हणाला, "म्हणजे वाऱ्याची वाट सोडली तर डिझेल पुरणारच नाही!" भूगोल आणि गणिताची सांगड त्याची त्यानेच घातली.

आता पाणी. समजा ७०० लिटर गोडं पाणी, ४ माणसं, ४० दिवस. ७०० ÷ (४ × ४०) = साधारण ४ लिटर ३७५ मिलिलिटर. एका माणसाला दिवसाला एवढंच. पिणं, स्वयंपाक, सगळं त्यातच. सेंट हेलेनाला पाणी भरता येतं, पण ते आधीच धरून चालायचं नसतं. मी मुलांना एक बादली आणि मापाचा मग दिला आणि घरी दिवसभरात किती पाणी लागतं ते मोजायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी एका आईने मला फाटकापाशी गाठलं. म्हणाली, "बाई, काल पोराने आंघोळीला अर्धीच बादली घेतली. काय शिकवलंत?"

रात्र आणि पाळी

समुद्रात मुक्काम नसतो, बोट रात्रीही चालते. तिघांनी पाळ्या वाटून घेतल्या तर प्रत्येकी ३ तास पहारा आणि ६ तास विश्रांती असं चक्र बसतं. चौथा माणूस असेल तर स्वयंपाक आणि दुरुस्तीला मदत होते. पहाऱ्यावर एकट्याने असताना पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय बाहेर यायचं नाही, हा नियम. अंधार पडण्याआधी शीड थोडं आवरून घेतात, कारण रात्री येणारी वाऱ्याची झोत दिसत नाही.

इथे कॅटमरानचा एक गुण, जो दोषही आहे, समजून घेतला पाहिजे. एका पोटाची शिडाची बोट वारा वाढला की एका बाजूला कलते. ती कलली की खलाशाला कळतं, आता फार झालं, शीड कमी करा. कॅटमरान दोन पायांवर ऐसपैस उभी असते, ती फारशी कलतच नाही. पाहुण्यांना म्हणूनच ती आवडते. टेबलावरचा चहा सांडत नाही. पण त्यामुळे ती इशाराही देत नाही. ताण आत वाढत जातो आणि वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून कॅटमरानवर बोट काय सांगते याची वाट बघायची नाही. वाऱ्याचा वेग मोजायचा आणि आकडा ठरलेल्या मर्यादेला आला की शीड कमी करायचं. कारण कॅटमरान एकदा उलटली की आपोआप सरळ होत नाही. अशा वेळी बाहेर पडता यावं म्हणून तिच्या पोटांत आपत्कालीन झडपा असतात.

हे वाचताना मला माझ्या वर्गातली गप्प मुलं आठवली. दंगा करणारं मूल 'कलतं', आपल्याला कळतं. न कलणाऱ्या मुलाकडे आपणच वेळेवर जाऊन बघावं लागतं.

आणि ही भीती नुसती पुस्तकी नाही. डिसेंबर २०१४ मध्ये केप टाऊनहून एक नवी कॅटमरान थायलंडमधल्या फुकेतला पोचवायला निघाली. तिच्यावर तीन खलाशी होते. जानेवारी २०१५ मध्ये हिंदी महासागरात तिचा संपर्क तुटला. साधारण वर्षभराने ती उलटी तरंगताना सापडली. माणसं सापडली नाहीत. मुलांना हे सांगावं का, यावर मी विचार केला. शेवटी सांगितलं, थोडक्यात. कोळीवाड्यातल्या मुलांना समुद्र माहीत आहे. ती शांतपणे ऐकत होती.

पोचल्यावर सगळ्यात मोलाची वस्तू

चाळीस दिवसांनी बोट टोर्टोलाला पोचते. मीठ धुतात, आवरणं काढतात, इंजिनाचं तेल बदलतात, तारा आणि शिडं पुन्हा तपासतात, जिवाची साधनं मोजतात. मगच ती पाहुण्यांसाठी तयार होते. पण तिच्याबरोबर आलेली सगळ्यात मोलाची वस्तू कुठली, सांगा पाहू?

माझ्या मते, खलाशांची नोंदवही.

चाळीस दिवसांत जे जे बिघडलं ते त्यात लिहिलेलं असतं. डाव्या इंजिनाची गाळणी दोनदा तुंबली. एका खिडकीतून पाणी ठिबकतं. मागच्या दिव्याचा जोड सैल आहे. हा प्रवास म्हणजे नव्या बोटीची खरी परीक्षा असते आणि नोंदवही म्हणजे तिचा निकाल. आता एखाद्या खलाशाने विचार केला, 'एवढंसं तर आहे, उगाच कशाला लिहा, आपल्यालाच बोलणी बसतील' आणि लिहिलंच नाही, तर? पुढच्या आठवड्यात त्याच बोटीवर एक कुटुंब लहान मुलांना घेऊन चढणार असतं. त्यांना बोट चकचकीतच दिसणार.

मुलाच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं झालं : हो, बोट थोडी जुनी होते. पण न वापरलेल्या बोटीपेक्षा तपासून, वापरून, दोष लिहून आणि दुरुस्त करून पोचलेली बोट जास्त भरवशाची असते.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. मुलांना नकाशावर तीन टप्पे काढायला लावा. वाऱ्यांच्या दिशा बाणांनी दाखवा.
२. नारळाच्या दोन करवंट्या काड्यांनी जोडून सांगड करा. एक करवंटी आणि जोडलेल्या दोन करवंट्या पाण्यात सोडून कोणती कलते ते बघा.
३. वेग ताशी ७ मैल धरला तर किती दिवस वाचतील, हे गणित मुलांकडून सोडवून घ्या.
४. पालकांनी घरात नवी वस्तू आणली की मुलाला बरोबर घेऊन तपासायची पाच मुद्द्यांची यादी करावी.
५. सहलीला जाण्याआधी मुलांनाच तपासणी यादी करू द्या. आमच्या मुलांनी औषधपेटी उघडून पाहिली, तर आत कात्रीच नव्हती.

शेवटी एक गोष्ट आपल्याशी

चौथी झाली की आमची मुलं पाचवीला मोठ्या शाळेत जातात. त्यांच्याबरोबर आम्ही प्रगतिपत्रक पाठवतो. कित्येक वर्षं मी त्यात 'प्रगती समाधानकारक' एवढंच लिहीत आले. टाकीच्या कागदावर लिहिलं होतं ना, 'सुस्थितीत मिळाली', तसंच.

या वर्षी मी प्रत्येक मुलासाठी वेगळा अर्धा कागद लिहिला. वाचन चांगलं, पण हातच्याची वजाबाकी अजून चुकते. उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पुढे बसवावं. विचारल्याशिवाय बोलत नाही, पण विचारलं की छान बोलतो. तो कागद मी आधी पालकांना वाचून दाखवला आणि मग नव्या शाळेतल्या सरांच्या हातात नेऊन दिला. काही पालकांना वाटलं, बाई मुलाचे दोष कशाला लिहितात? मी त्यांना बोटीची गोष्ट सांगितली.

तुमच्या शाळेतून मुलं पुढे जाताना तुम्ही त्यांच्याबरोबर काय लिहून देता? आपले अनुभव जरूर कळवा.